बंद खाणीची सोडत

मेरिंदीच्या कोळशाच्या खाणीला कुलूप लागलं आणि पुढच्याच महिन्यात लेटी हेडलीला दिवस गेले. ओढ्यावर धुणं धुताना बायका म्हणायच्या, "मालकांनी नवरे घरी बसवले की असंच व्हायचं!" लेटी लाजून साबणाचा फेस त्यांच्या अंगावर उडवायची. तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, कुलूप काय, आज आहे उद्या निघेल. मालक म्हणाले होते, मजुरी कमी घ्या नाहीतर घरी बसा. माणसं म्हणाली, बसतो. आणि बसली. मग थंडी आली, थंडी गेली. रानबाभळी पिवळ्याधमक फुलल्या, झडल्या. डिसेंबरचं, म्हणजे या दक्षिणेकडच्या मुलुखातलं उन्हाळ्याचं ऊन पत्र्याच्या छपरांवर तापू लागलं, लेटीचं पोट तिच्याही पुढे चालू लागलं, आणि कुलूप होतं तिथेच होतं. बायका अजून ओढ्यावर गात होत्या, पण आता त्या गाण्यात हसू कमी आणि दात जास्त होते:

लाव रे साहेबा कुलूप, लाव कुलपावर कुलूप,
आत तुझा अंधार एकटा, बाहेर आमचा हुरूप.

लेटी नुसते ओठ हलवायची. तिच्या घरात चहाची पूड उकळून, वाळवून, पुन्हा उकळली जात होती. जाळ्यात ससा सापडला तर सशाचं कालवण, नाहीतर पावावर चरबी आणि वर चिमूटभर मीठ. तेही चाललं असतं. पण डोक्यावरचं छप्पर खाणीचं होतं, आणि ज्यांची घरं खाली करून घेतली होती ते लोक तळ्याकाठी गोणपाट आणि झाडांच्या साली बांधून राहत होते. मागच्या महिन्यात तिथे एक बाई बाळंत झाली. रात्रभर पाऊस, आणि नवरा तिच्या अंगावर मेणकापड धरून उभा. तेव्हापासून लेटीला झोप लागत नव्हती.

किनर्डसाहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. खाणीचे ते व्यवस्थापक. गुरुवारी दुपारी मागच्या दारानं आले, टोपी काढून हातात धरली आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसले.

"दिवस भरत आले वाटतं, लेटीबाई?"

"नाताळच्या आसपास."

"हं." त्यांनी छताकडे पाहिलं. "छप्पर चांगलं आहे या घराचं. गळत नाही ना?"

तिचा नवरा अ‍ॅबनर चुलीजवळ उभा होता.  मेरिंदीत अ‍ॅबनरसारखा कोळसा फोडणारा दुसरा नव्हता, हे किनर्डही जाणत होते आणि गावही. तो ज्या दिवशी फाटकातून आत जाईल, त्या दिवशी त्याच्यामागे आणखी दहाजण जातील.

"सोमवारी सकाळी फाटक उघडतोय मी," किनर्ड म्हणाले. "पोलीस असतील. कुणी हात लावणार नाही. आणि ऐक, अ‍ॅबनर. आठ नंबरची जागा तुझी. तीन महिन्यांपुरती नाही. कायमची."

अ‍ॅबनरची मान वर झाली. आठ नंबर म्हणजे मेरिंदीच्या पोटातला राजवाडा. बाकीच्या जागांत माणूस कुशीवर पडून, कानात पाणी जाऊ देत, टिकावाचा घाव मारायचा. आठमध्ये कोळशाचा थर माणसाहून उंच होता, जमीन कोरडी, छत घट्ट. आठमध्ये माणूस उभा राहू शकायचा.

"घरही राहील," किनर्ड म्हणाले.

अ‍ॅबनर चुलीत काटकी सारत राहिला. चुलीवरचं पाणी उकळू लागलं. मग लेटीच बोलली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"येईल तो. सोमवारी येईल."

किनर्ड गेल्यावर अ‍ॅबनर एवढंच म्हणाला, "शनिवारी सोडत आहे."

"म्हणून काय झालं?"

"जावं लागेल मला. नाही गेलो तर सगळ्यांना कळेल."

"जा की मग. बंद खाणीची सोडत! उपाशी माणसांनी स्वप्नातलं जेवण वाटून घ्यावं तसं तुमचं."

तिला हे कधी समजलंच नव्हतं. ती शेतावर वाढलेली. गाई, दूध, लोणी, सगळं उजेडातलं. लग्न होऊन मेरिंदीत आली तेव्हा दर तीन महिन्यांनी मोठमोठे दाढीवाले बाप्ये टोप्या हातात घेऊन पोरांसारखे नशिबाची वाट बघत उभे राहतात, हे पाहून ती तोंडावर हात न घेताच खदखदून हसली होती. एका पेटीत माणसांची नावं, दुसऱ्या पेटीत जागांचे पितळी बिल्ले. नाव काढायचं युनियनच्या माणसानं, जागा काढायची कंपनीच्या माणसानं, दोघांनीही तोंड फिरवून. ज्याला ओली लागली त्याला ओली, ज्याला कोरडी त्याला कोरडी. पोटापाण्याच्या सगळ्या गोष्टी साहेबाच्या मर्जीवर होत्या, फक्त ही एक नव्हती. या खाणकऱ्यांचे आजे-पणजे विलायतेहून जहाजात बसून आले ते टिकाव, बायबल आणि ही रीत घेऊन आले होते. कुलूप लागल्यावर कंपनीनं पेटीतून हात काढून घेतला. पण माणसांनी रीत सोडली नाही. खाण बंद असो वा चालू, तीन महिने झाले की सोडत.

शनिवारी दुपारी लेटीही निघाली. बायका उकळलेल्या चहाचे मोठे डबे घेऊन जाणार होत्या, घरी एकटं बसवेना.

सोडत फाटकाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानावर होती. फाटकाच्या आत पोलीस, बंदुका जमिनीला टेकवून, घामानं निथळलेले. त्यांच्यामागे कचेरीचा व्हरांडा, आणि व्हरांड्यात हात मागे बांधून उभे असलेले किनर्ड. बाहेर अख्खं गाव. अंगातले कोट ठिगळांचे, पण बटणं सगळ्यांनी लावली होती. एवढ्या उन्हात. किड्यांची किरकिर निलगिरीच्या झाडांतून अशी येत होती की जणू उन्हालाच आवाज फुटला आहे.

टेबलावर दोन पेट्या. एका पेटीमागे युनियनचा चिटणीस गिलिस, पिळदार, लाल मानेचा. दुसऱ्या पेटीमागे रिकामी खुर्ची. कंपनीच्या माणसाची खुर्ची ती, कुलूप लागल्यापासून रिकामीच मांडत आले होते. मागच्या खेपेला पाद्रीबाबांनी उभ्या उभ्या जागा काढल्या होत्या. त्याबद्दल वरच्या धर्माधिकाऱ्यांकडून त्यांना बोलणी बसली आणि या खेपेला ते आलेच नाहीत.

"दुसरा हात हवा," गिलिस म्हणाला. "आपल्यातला नको. खाणीत उतरणारा कुणी नको."

"कुत्र्याला बसवू का माझ्या?" मागून कुणीतरी ओरडलं. "तो साहेबाचं काही खात नाही. माझंही खात नाही हल्ली."

हशा पिकला. हसण्यातच म्हातारा टोबायस प्राइस पुढे आला. पाठीचं धनुष्य झालेलं, चालताना नजर जमिनीवर, जणू काही सांडलेलं शोधतो आहे. आयुष्यभर आडवं पडून कोळसा काढलेल्या माणसाची चाल ती. त्याचं नशीब गावाच्या चेष्टेचा विषय होतं. सोडत कुठलीही असो, टोबायसला ओली जागा ठरलेली. लोक म्हणायचे, म्हातारा घरी आला की बायको आधी त्याला पिळून दोरीवर वाळत घालते.

"लेटीला बसवा," टोबायस म्हणाला.

"बाई?" दोन-तीन जणांनी श्वास आत घेतला. कामावर जाताना वाटेत बाई आडवी आली तर माघारी फिरणारी माणसं ती.

"आणि हेडलीची बायको ना ती?" गिलिस म्हणाला. "म्हणजे अ‍ॅबनरचाच हात झाला."

"तिचा हात म्हणतंय कोण?" टोबायसनं मान तिरकी करून लेटीकडे पाहिलं. सरळ वर पाहणं त्याला जमतच नव्हतं. "तिच्या पोटात आहे ना, त्याच्या वतीनं काढू दे. ते अजून युनियनचं नाही आणि साहेबाचंही नाही. अख्ख्या मेरिंदीत तेवढं एकच माणूस कुठल्या बाजूचं नाही बघा."

 मग एक टोपी हलली, दुसरी हलली, आणि होकार मैदानभर वाऱ्यासारखा फिरला.

लेटीला नाही म्हणता आलं असतं. तिनं अ‍ॅबनरकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता. ती जाऊन कंपनीच्या खुर्चीत बसली, कारण पाय दुखत होते आणि खुर्ची रिकामी होती.

"तोंड तिकडे," गिलिस हळूच म्हणाला. "आणि पोरी, ज्याला पहिलं बोट लागेल तेच बाहेर काढायचं. निवडायचं नाही."

त्यानं नाव काढलं. लेटीनं पेटीत हात घातला. पितळ उन्हानं कोमट झालं होतं. तिनं एक बिल्ला काढला, वर धरला आणि आकडा वाचला. आपला आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेलेला तिला ऐकू आला.

"एकोणीस."

"देवा रे," ज्याचं नाव होतं तो कण्हला. "एकोणीसचं छत म्हणजे कुजका पाव." शेजाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खराच होता, समजुतीसाठी ठेवलेला. लेटीला आधी हसूच येणार होतं. पण त्या माणसानं बिल्ला हातात घेतला, आकडा अंगठ्यानं पुसला आणि बाजूला जाऊन जोडीदाराशी बोलू लागला, खांब किती लागतील, कुठल्या बाजूनं आधी टेकू द्यायचा. कुलपाचं नावही नाही.

नाव, बिल्ला. नाव, बिल्ला. कुणी टोपी आपटली, कुणी बायकोकडे पाहून डोळा मारला. लेटीच्या चेहऱ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे तिच्या हाताकडे पाहत होते, प्रार्थनेत वेदीकडे पाहतात तसे. हळूहळू तिला जाणवलं, मैदानाच्या गवताखाली, तिच्या बुटांखाली, खोल कुठेतरी, खाण पसरलेली आहे. मैलोन्‌मैल काळोख, थेंबथेंब गळणारा, महिनोन्‌महिने माणसाचा आवाज न ऐकलेला. आणि ती एक आकडा वाचते तेव्हा त्या काळोखात एका जागी दिवा लागतो. दुसरा आकडा, दुसरा दिवा. फाटकाला कुलूप होतं, पोलीस होते, बंदुका होत्या, आणि या माणसांनी एवढ्या उन्हात टोप्या हातात धरून ती अख्खी खाण भरून टाकली होती.  पोटातलं मूल हललं, जोरात, आणि मग तेही गप्प झालं.

"अ‍ॅबनर हेडली," गिलिस म्हणाला.

लेटीनं हात घातला. "एकतीस."

"घातली पाण्यात!" अ‍ॅबनर शिवी हासडून ओरडला, आणि सगळं मैदान हसलं. एकतीस म्हणजे बुटात पाणी, पाठीवर पाणी आणि थर एवढा बुटका की माणसानं सापासारखं शिरावं. अ‍ॅबनर पुढे आला, बिल्ला घेतला. त्याच्या कपाळावर खरीखुरी आठी होती. सोमवारी तो आठमध्ये उभा राहणार होता, तरी एकतीसच्या पाण्याची त्याला आत्ता, इथे, मनापासून चीड आली होती. लेटीनं ते पाहिलं. आपण पाहिलं हे त्यालाही कळलं आणि तो मान खाली घालून मागे गेला.

आठ अजून पेटीतच होता.

मग गिलिसनं चिठ्ठी उघडली, थांबला, हसला. "टोबायस प्राइस."

"वाळत घालायची दोरी तयार ठेवा!" मागून आरोळी आली.

लेटीनं हात घातला. पहिलंच बोट ज्याला लागलं, त्या बिल्ल्यावर दोन गोल कोरलेले होते, एकावर एक, इंग्रजी आठासारखे. तिचं बोट त्यांच्यावरून फिरलं, आपोआप. पेटीत दोन गोलांचा दुसरा आकडा नव्हता. अठरा, अठ्ठावीस आधीच गेले होते.

हे तिच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं. सोडून दिला, शेजारचा उचलला, तर कुणाला कळणार? आठ मग जाईल कुणाला तरी, ज्याचं तोंडही तिला नीट आठवत नाही अशा कुणाला तरी. सोमवार सोपा होईल. छप्पर राहील. तिचा हात पेटीत होता आणि किड्यांची किरकिर एकदम थांबल्यासारखी झाली. तिला वाटलं, सगळं गाव आपल्या मनगटावर उभं आहे. गाव, आणि गावाखालचे ते सगळे दिवे.

तिनं हात बाहेर काढला.

"आठ," ती म्हणाली.

 टोबायस जागचा हलला नाही. "काय म्हणाली?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"आठ, म्हाताऱ्या! आठ!"

मग जो गलका उठला, त्यानं निलगिरीवरचे पोपट थव्यानं उडाले. टोप्या हवेत गेल्या. आत एका तरुण पोलिसानं चेहरा दुसरीकडे वळवला, कारण त्यालाही हसू आलं होतं. टोबायस टेबलाशी आला. त्यानं बिल्ला घेतला नाही, आधी नुसता पाहिला. मग मान जमेल तेवढी वर करून लेटीला म्हणाला, हळू, तिला एकटीलाच सांगावं तसं:

"उभं राहून काढीन गं मी कोळसा. मरायच्या आधी एकदा तरी उभं राहून."

 व्हरांड्यात किनर्ड वळले आणि आत गेले.

सोडत संपली तेव्हा ऊन कलंडलं होतं. अ‍ॅबनर चहाचा डबा हातात घेऊन तिच्याबरोबर चालू लागला. कचेरीच्या बाजूला रस्ता वळतो तिथे लेटी थांबली.

"तू पुढे हो."

"काय करणारेस?"

"शब्द मी दिला होता. मीच परत घेते."

अ‍ॅबनरनं डबा खाली ठेवला. "लेटी, घर जाईल."

"ठाऊक आहे."

"तळ्याकाठी..."

"ठाऊक आहे म्हटलं ना! तू जाशील का त्या म्हाताऱ्याच्या जागेत? सांग. जाशील?"

अ‍ॅबनरनं वळून मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला हवंय म्हणून मी जाईन. पण आता पाय उचलणार नाहीत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखा. "मी येतो बरोबर."

"नको. तुला पाहिलं की ते भाव वाढवतील."

किनर्ड कचेरीत एकटेच बसले होते. तिला पाहून उठले. उभ्या बाईसमोर बसून राहायची त्यांना सवय नव्हती.

"साहेब, आठ नंबर गेला," लेटी म्हणाली. "दुसऱ्याला लागला. अ‍ॅबनर येणार नाही."

"लागला?" किनर्डनी टेबलावर बोटं वाजवली. "लेटीबाई, ती खाण कंपनीची आहे. तिथल्या जागा कंपनीच्या. बाहेर गवतावर तुम्ही काय खेळता त्याच्याशी खाणीचा काय संबंध?"

"ते मला नीट सांगता येणार नाही."

"प्रयत्न कर."

लेटीनं विचार केला. "तुम्ही ऐकत होता ना, साहेब? आठ म्हटल्यावर आत गेलात. गवतावरचा खेळच होता, तर आत कशाला गेलात?"

किनर्डच्या गालाचा स्नायू हलला. ते खिडकीशी गेले. मैदानावर बायका टेबल उचलत होत्या.

"सोळा वर्षं त्या खुर्चीत मी बसायचो," ते म्हणाले. "कारकून होतो तेव्हा. माझा हात थरथरायचा. तुझा नव्हता थरथरत."

"आतून थरथरत होता."

किनर्ड वळले तेव्हा चेहरा पुन्हा व्यवस्थापकाचा होता. "मंगळवारी घर खाली करावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

"हो," लेटी म्हणाली. "तुमच्या हातात काय आहे हे तुम्हालाही शोधावं लागत असेल." हे ती रागानं बोलली नाही. तिला खरंच त्यांची कीव आली होती.

सोमवारी फाटक उघडलं. पोलीस दोन्ही बाजूंना उभे राहिले. वाऱ्यानं थोडी धूळ आत गेली, तेवढीच.

मंगळवारी हेडलींचं घर एका घोडागाडीत मावलं. लोखंडी पलंग, चुलीची भांडी, शिवणयंत्र, आणि लेटीनं आईकडून आणलेला लोणी घुसळायचा डेरा, ज्याचा आता काहीच उपयोग नव्हता. तळ्याकाठी पोचेपर्यंत तिला वाटत होतं, गोणपाटांचा ढीग असेल आणि काम दिवसभराचं. पण तिथे आधीच माणसं होती. एकोणीस नंबरवाला होता, गिलिस होता, टोबायस उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडत होता. झोपडी जवळजवळ उभी होती.

लेटी दारात थांबली. झोपडीला चार कोपऱ्यांवर चार खांब पुरले असते. इथे खांबांची रांग होती. मधोमध दोन, पलंगाच्या जागेच्या उशाशी एक, पायथ्याशी एक, आडव्या तुळया, तुळयांखाली पाचरी ठोकलेल्या. वर छप्पर म्हणून झाडाच्या साली आणि गोणपाट, हातानं ढकललं तरी उडेल एवढं.

"हे काय बांधलंत?" लेटीनं विचारलं.

"काय म्हणजे?" गिलिस घाम पुसत म्हणाला. "छत धरलंय."

"तो मधला हलतोय," टोबायस बादलीवरून ओरडला. "आणखी एक पाचर मार! पोर यायचंय इथे!"

"म्हाताऱ्या, याच्यावर डोंगर बसला तरी हलणार नाही!"

माणसं छताकडे पाहत होती, गंभीर, माना वर करून. खाणीत छताला ठोकून आवाज ऐकायची त्यांची जी रीत, तसा एकानं टिकावाच्या दांड्यानं गोणपाटाला ठोसा दिला. गोणपाट नुसतं फुगलं. त्यानं पुन्हा दिला, आणि मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन तो थबकला. सगळेच थबकले. आजवर त्यांच्यातल्या कुणी डोक्यावर डोंगर नसलेलं छत बांधलंच नव्हतं.

आधी अ‍ॅबनर हसला. मग टोबायस, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. लेटी आत गेली, खांबांमधून वाट काढत, पोट सांभाळत. तिनं एका खांबाला टेकून पाहिलं. मग सगळा भार टाकून टेकली. तो हलला नाही. ती तशीच उभी राहिली, आणि बाहेरच्या हसण्यात तिचंही हसू मिसळलं, पण डोळे पुसावे लागले.

"डोंगर नकोय मला," ती आतून म्हणाली. "पाऊस तेवढा अडवा."

"पावसाचं बघू," टोबायस म्हणाला. "त्यातलं आम्हाला काही कळत नाही बाई. कुणाला येतं का रे पाऊस अडवायला?"

गिलिस म्हणाला, "शेतावरच्या बाईला विचारा की. तिलाच येत असेल."

लेटीनं वर पाहिलं, गोणपाट कुठे खाली लोंबतं आणि पाणी कुठे साचेल ते. मग बाहेर येऊन तिनं बाह्या वर केल्या.

"अ‍ॅबनर, ती शिडी इकडे आण," ती म्हणाली. "उतार उलट्या बाजूला दिलाय तुम्ही."